चार लाखांचे कर्ज काढून लग्नाच्या फोटोग्राफीत उतरावे का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही संगमनेरला राहता, वय २६ आहे, महिना २२,००० रुपयांची खासगी नोकरी आहे, जवळ एक साधा डीएसएलआर आणि त्याच्याबरोबर आलेली लेन्स आहे. दोन मित्रांच्या लग्नांत काढलेले फोटो सगळ्यांना आवडले, म्हणून आता हाच व्यवसाय करावा असे तुमच्या मनाने घेतले आहे. त्यासाठी चार लाखांचे कर्ज काढण्याची तयारी आहे, आणि कोणता कॅमेरा घ्यावा, दर किती सांगावा व नोकरी केव्हा सोडावी असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी २००७ पासून नाशिकमध्ये लग्नांची कामे करतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, पण क्रम बदलून देतो, कारण कामाचे स्वरूप आणि पैशांचा हिशेब मांडल्याशिवाय कॅमेऱ्याबद्दल काहीही सांगणे तुमचे नुकसान करणारे ठरेल.

मित्रांच्या लग्नांत तुम्ही काढलेले फोटो ही भेट होती. तिथे ठरवलेला फोटोग्राफर बहुधा वेगळा होता. त्यामुळे आवडेल तिकडे कॅमेरा वळवण्याची तुम्हाला मोकळीक होती आणि जे हुकले त्याचा हिशेब कोणी मागितला नाही. ऑर्डर घेतली की हीच गोष्ट उलटी होते. मुहूर्त एकदाच लागतो, पाठवणी एकदाच होते, आणि त्या वेळी तुमची बॅटरी संपलेली असेल तर तो क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही. घरचे लोक पैसे देतात ते मुख्यतः या दिवसाची जबाबदारी कोणीतरी घ्यावी म्हणून. सुंदर फोटो हा त्या जबाबदारीचा एक भाग असतो. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळे या एका गोष्टीवरून ठरवलेले आहे.

माझ्या स्वतंत्र कामाच्या पहिल्याच वर्षी एका लग्नात मी नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर इतका लक्ष देऊन होतो, की मागची पार्श्वभूमी धूसर करून काढलेले शेकडो फोटो पाहून मलाच समाधान वाटले होते. अल्बम घेऊन घरी गेलो तेव्हा नवरीच्या आईने शेवटच्या पानापर्यंत तो शांतपणे पाहिला, मिटला आणि विचारले, ‘मामा कुठे आहेत?’ त्या मुलीचे वडील ती लहान असतानाच वारले होते आणि मामांनीच तिला वाढवले होते. लग्नमंडपात तिला घेऊन आले ते तेच, अंतरपाटाच्या वेळी तिच्या मागे उभे होते तेही तेच. माझ्या सगळ्या फोटोंत ते दोनदा सापडले, आणि दोन्ही वेळा फोकसच्या बाहेर. त्या घरातील प्रत्येकाला जे माहीत होते ते मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी मी दोन्ही घरी जातो, चहा घेतो आणि वहीत लिहून घेतो: मानाची माणसे कोण, आजारी किंवा फार वयस्कर कोण, परदेशातून कोण येणार, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, कोणता विधी आधी आणि कोणता नंतर. या एका तासाने माझ्या कामात जो फरक पडला तो कोणत्याही लेन्सने पडला नाही.

विधी माहीत असणे ही या व्यवसायातली पहिली विद्या आहे. सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टके, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, झाल, सूनमुख, माप ओलांडणे या प्रत्येकात दोन-तीनच क्षण महत्त्वाचे असतात, आणि त्या क्षणी तुम्ही कुठे उभे आहात यावर सगळे अवलंबून असते. मंगलाष्टके चालू असताना ‘तदेव लग्नं’ सुरू झाले की आता अंतरपाट बाजूला होणार हे तुम्हाला कळले पाहिजे. त्याआधीच बॅटरी पाहिलेली, कार्डात जागा असल्याची खात्री केलेली आणि शटरचा वेग किमान १/२५० सेकंदावर नेलेला असला पाहिजे, कारण पुढच्या दहा सेकंदांत अक्षतांचा वर्षाव, वाजंत्री, टाळ्या आणि हार हे सारे एकदम येते. त्या वेळी लोक पुढे झेपावतात, मोबाइल उंचावतात. म्हणून एक कॅमेरा नवरीच्या बाजूने आणि दुसरा नवऱ्याच्या बाजूने तिरका असेल तर एकाचा कोन अडला तरी दुसऱ्याला मिळतो. तुमच्या भागातील गावाकडच्या लग्नांत याखेरीज मारुतीच्या देवळापर्यंतची नवरदेवाची मिरवणूक, पुढाऱ्यांचे सत्कार आणि टॉवेल-टोपीचा आहेर असतो. बौद्ध विवाहात त्रिशरण-पंचशील असते आणि सगळा रोख वेगळा असतो. ज्या घरची पद्धत माहीत नाही तिथे आधीच विचारा. विचारल्याने कोणी कमी लेखत नाही, उलट घरच्यांना बरे वाटते.

प्रकाशाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण नव्या माणसाचे फोटो बहुतेक इथेच बिघडतात. मांडवाचे लाल-पिवळे कापड दुपारच्या उन्हात सगळ्यांच्या चेहऱ्यांवर आपला रंग टाकते, आणि कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवणारी सोय) दर फोटोला वेगळा अंदाज बांधतो. तिथे तो हाताने ठरवून टाकावा, म्हणजे निदान सगळे फोटो एकसारखे येतात आणि नंतर एकत्र दुरुस्त करता येतात. कार्यालयात आणि लॉन्सवर आता सर्वत्र एलईडी दिवे असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे त्यांतील पुष्कळ दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात आणि वेगवान इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोंवर आडवे पट्टे उमटतात. म्हणून अशा ठिकाणी मी यांत्रिक शटर वापरतो, आणि हालचाल कमी असेल तेव्हा वेग एक शतांश सेकंदावर ठेवतो. व्यासपीठामागचा मोठा एलईडी पडदा असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. आदल्या संध्याकाळी जाऊन दहा फोटो काढून पाहावे लागतात. मुहूर्ताच्या वेळी मात्र दिव्यांपेक्षा अक्षता आणि हार थांबवणे महत्त्वाचे, त्यामुळे तिथे वेग वाढवतो आणि फ्लॅशचा आधार घेतो. लॉन्सवर वर छतच नसते, त्यामुळे फ्लॅश छतावर मारून मऊ प्रकाश मिळवण्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही. दोन बाजूंना स्टँडवर दोन फ्लॅश आणि ते कॅमेऱ्यावरून दुरून चालवणारा ट्रिगर लागतो.

हे सगळे शिकायचे कुठे? माझे मत असे, की पुढची एक पूर्ण लग्नसराई तुम्ही दुसऱ्याच्या हाताखाली काम करावे. संगमनेर पुणे-नाशिक रस्त्यावर आहे, त्यामुळे दोन्ही शहरांतील फोटोग्राफरांना तुम्ही सोयीचे आहात. निदान १५ लग्नांत सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीचा दुसरा फोटोग्राफर, म्हणून उभे राहा, आणि त्यातील दोन-तीन वेळा फोटो न काढता फक्त लाइट धरण्याचे किंवा डेटा उतरवून घेण्याचे काम मागून घ्या. मोबदला कमी मिळेल, काही जण उशिरा देतील, हे खरे आहे. जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, की तिथे तुम्ही काढलेले फोटो स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी आहे की नाही. आणि त्या लग्नात पाहुण्यांनी नंबर मागितला तर ज्यांनी तुम्हाला नेले त्यांचाच नंबर द्या. हा व्यवसाय एकमेकांच्या शब्दावर चालतो. आयत्या वेळी ताप आला तर तुमच्या जागी उभा राहणारा माणूस याच लोकांमधून मिळणार आहे.

आता पैशांकडे वळतो. इथे परिस्थितीनुसार फार फरक पडतो: घरात आणखी कोणी कमावते का, स्वतःचे वाहन आहे का, जागेचे भाडे आहे का, व्हिडिओचे संकलन तुम्ही स्वतः करणार की बाहेर देणार. त्यामुळे पुढचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, त्यांची मांडणी घ्या. समजा, हळद आणि लग्न अशा दोन दिवसांची फोटो, व्हिडिओ आणि एका अल्बमसह ऑर्डर ७०,००० रुपयांना ठरली. व्हिडिओग्राफरचे दोन दिवसांचे १०,०००, मदतनिसाचे २,०००, अल्बमचे डिझाइन वगळून छपाईचे १०,०००, व्हिडिओ संकलनाचे ६,०००, गाडीखर्चाचे २,०००, हार्डडिस्कचे ३,००० आणि भाड्याची साधने व तुमच्या साधनांची झीज यांचे ६,००० धरले तर ३९,००० रुपये गेले. उरलेले ३१,००० तुमचे. पण या कामाला तुमचे दोनच दिवस लागलेले नाहीत. आधीच्या भेटी आणि प्रवास एक दिवस, डेटा उतरवणे आणि निवड एक दिवस, रंगदुरुस्ती तीन दिवस, अल्बमचे डिझाइन आणि घरच्यांनी सांगितलेले बदल दोन दिवस असे मिळून नऊ दिवस होतात. म्हणजे दिवसाला साधारण ३,४०० रुपये पडले. ज्याने शेजारच्या फोटोग्राफरपेक्षा दहा हजार कमी सांगून ऑर्डर घेतली, त्याने ते दहा हजार त्या ३१,००० मधून दिले, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. दर ठरवताना असा तक्ता स्वतःच्या खर्चाचा मांडा, आणि उरणाऱ्या रकमेला दिवसांनी भागून पाहा.

दुसरी अडचण तारखांची आहे. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते, पौषात पुष्कळ घरे लग्न टाळतात, माघापासून ज्येष्ठापर्यंत मोठी गर्दी असते, आणि चातुर्मासात काम जवळजवळ थांबते. अधिक महिना आला तर आणखी एक महिना कमी होतो. २०२६ सालचेच पाहा: ज्येष्ठ अधिक असल्यामुळे १७ मे ते १५ जून हे ऐन उन्हाळी सुट्टीतले दिवस बिनमुहूर्ताचे. शिवाय चांगला मुहूर्त सगळ्यांनाच हवा असतो, त्यामुळे एकाच तारखेला चार घरे विचारतात आणि तुम्ही एकच घेऊ शकता. नवे पंचांग हाती येताच मी मुहूर्ताच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतो आणि त्यातल्या किती भरल्या यावरून वर्षाचा अंदाज बांधतो. एकट्या माणसाने नीट करायची म्हटली तर वर्षाला २० कामे पुष्कळ झाली. वरच्या हिशेबाने त्यांतून ६,२०,००० रुपये उरतात, आणि त्यातून फोन, विमा, दुरुस्ती व जाहिरात वजा करायची.

याच पार्श्वभूमीवर कर्जाचा विचार करा. चार लाख रुपये ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण ८,७०० रुपये येतो. चातुर्मासातील चार महिन्यांत काम नसताना असे ३४,८०० रुपये भरावे लागतील, म्हणजे एका पूर्ण ऑर्डरीतून उरलेल्या रकमेपेक्षा जास्त. शिवाय कॅमेऱ्याची किंमत पाच वर्षे टिकत नाही, हप्ता मात्र टिकतो. मुद्रा योजनेत ५०,००० ते पाच लाखांपर्यंतचे कर्ज ‘किशोर’ गटात मिळते, ही सोय चांगली आहे. पण मी तुमच्या जागी असतो तर पहिली लग्नसराई कर्जाविना काढली असती, आणि दुसऱ्या वर्षी तारखा हातात असताना गरजेपुरतेच, दोन लाखांच्या आत कर्ज घेतले असते.

त्या दोन लाखांत काय घ्यावे, हा तुमचा पहिला प्रश्न. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारी बॉडी (लेन्सविना नुसता कॅमेरा) घ्या, ही माझी एकच अट आहे. सोनी ए-७ थ्री, निकॉन झेड-६ टू आणि कॅनन आर-६ या तिन्हींत ती सोय आहे. तिन्हींतून उत्तम काम होते, आणि चांगल्या स्थितीतील जुनी बॉडी घेण्यात काहीही कमीपणा नाही. ज्या कंपनीची साधने तुमच्या भागात सहज भाड्याने मिळतात आणि तुमच्या ओळखीचे फोटोग्राफर वापरतात ती कंपनी निवडा, म्हणजे अडल्या वेळी लेन्स उसनी मिळते. त्याबरोबर कमी प्रकाशात उपयोगी पडणारी एफ २.८ ची २४-७० एमएम किंवा तिच्या जवळपासची झूम लेन्स, एक ८५ एमएम लेन्स आणि दोन फ्लॅश. आताचा डीएसएलआर विकू नका, तो राखीव म्हणून गळ्यात राहू द्या. ७०-२०० ची लांबची झूम लेन्स, गिंबल (व्हिडिओ हलू नये म्हणून कॅमेरा धरणारे साधन), ड्रोन हे सारे लागेल तेव्हा भाड्याने आणा. ड्रोनच्या बाबतीत तर घाई नकोच. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते, आणि विमानतळ व लष्करी ठिकाणांच्या आसपास परवानगीविना तो उडवताच येत नाही. प्रमाणपत्र असलेला माणूस त्या दिवसापुरता बोलवावा.

दोन कार्डांचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. एका रिसेप्शनचे कार्ड घरी आल्यावर उघडलेच नाही. कॅमेऱ्यात एकच कार्ड बसत होते. पुण्याला नेऊन त्यातील काही फोटो परत मिळवले, पण बरेच गेले, आणि ते सांगायला मला त्या घरी स्वतः जावे लागले. आता डेटाचा आकारही मोठा झाला आहे. दोन दिवसांचे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले मूळ) फोटो सहज १०० जीबी होतात, आणि सेकंदाला १०० मेगाबिटने घेतलेला फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी जागा घेतो. सहा तासांचे चित्रीकरण धरले तर एका लग्नाला साडेतीनशे जीबीहून अधिक जागा लागते. एवढे रोज इंटरनेटवर चढवणे तुमच्याकडे शक्य होणार नाही, म्हणून त्याच रात्री दोन वेगळ्या हार्डडिस्कवर प्रती करा आणि त्यातली एक भावाच्या किंवा मित्राच्या घरी ठेवा. अल्बम घरच्यांच्या हाती पडेपर्यंत कार्डे पुसू नका. त्यासाठी चार-सहा कार्डे जास्त घ्यावी लागली तरी चालेल.

कागदपत्रांचे मी थोडक्यात सांगतो. वीसपेक्षा कमी माणसे कामाला असतील तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती करून घ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि इथे उलाढाल म्हणजे तुमचा नफा नसून बिलांची एकूण रक्कम. ७०,००० ची २९ कामे केली की ती मर्यादा ओलांडली जाते. करारनामा मात्र पहिल्याच ऑर्डरीपासून लेखी करा, काम चुलतभावाचे असले तरी. त्यात तारखा, तास, कोण येणार, किती पानांचा अल्बम, किती वेळा बदल, कधी देणार, लग्न पुढे ढकलले तर विसाराचे काय, हे साध्या मराठीत लिहा. मी तारीख ठरताना २५ टक्के, हळदीच्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि अल्बम छपाईला जाण्यापूर्वी उरलेले घेतो. पुष्कळ जणांना माहीत नसलेली एक गोष्ट अशी, की प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे नवरीचा फोटो तुमच्या पानावर टाकायचा असेल तर तशी परवानगी करारात हवी. आणि कोणी नको म्हटले तर ते मानायला हवे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. ऑर्डर घेताना मुलीचे १८ आणि मुलाचे २१ पूर्ण आहे ना, याबद्दल शंका आली तर विचारा. बालविवाहाला हातभार लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि १०९८ या क्रमांकावर कळवता येते. अशी ऑर्डर सोडल्याने झालेले नुकसान नुकसान मानू नका.

काम मिळवण्यासाठी जाहिरातीवर लगेच खर्च करू नका. निवडक तीस फोटो कोणीही दाखवू शकतो. तुम्ही एक संपूर्ण लग्न पहिल्या विधीपासून पाठवणीपर्यंत क्रमाने दाखवा, कारण घरच्यांना भीती असते ती काहीतरी राहून जाण्याची. पहिल्या काही ऑर्डरींत दर कमी सांगायचा असेल तर खर्च पूर्ण वसूल होईल इतकाच कमी सांगा, आणि ही सवलत पहिल्या पाच कामांपुरतीच आहे हे बोलून दाखवा. स्वतःच्या सख्ख्या नात्यातल्या लग्नात मात्र काम घेऊ नका; तिथे तुम्ही पाहुणे म्हणूनच हवे असता आणि दोन्ही भूमिका अर्धवट होतात.

राहिला नोकरीचा प्रश्न. पुढच्या लग्नसराईच्या किमान १५ तारखा विसार घेऊन ठरल्या आहेत आणि सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवलेला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या झाल्या की सोडा. तोपर्यंत रजा जपून वापरा, कारण मुहूर्त रविवार पाहून येत नाहीत. घरी कमावणारे आणखी कोणी असेल तर १५ ऐवजी दहा तारखांवरही धीर करता येईल. कर्ज आधीच काढलेले असेल तर २० च्या खाली नको.

आणि या आठवड्यात पैसा न लावता करण्यासारखे एक काम आहे. त्या दोन मित्रांच्या लग्नांतले तुम्ही काढलेले सगळे फोटो उघडा. कागदावर दोन्हीकडचे आई-वडील, मामा, करवल्या, आजी-आजोबा, अंतरपाट बाजूला होतानाचा क्षण, हार, सप्तपदी, पाठवणी असे लिहा आणि प्रत्येकापुढे नीट आलेला, फोकसमध्ये असलेला एक तरी फोटो आहे का ते पाहून खूण करा. तुम्ही पाहुणे होता, त्यामुळे रकाने रिकामे राहतील यात दोष नाही. पण कोणते राहिले ते मला कळवा, म्हणजे हाताखाली काम करताना कुठे उभे राहून काय पाहायचे, हे मी तुम्हाला अधिक नेमके सांगू शकेन.